दोन पुरुष उंचीचा डोंगर

पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघालेली मंडळी मसाई पठार ओलांडताना दोन गोष्टी बघतात: पायाखालची फुलं आणि लांबच्या डोंगररांगा. वाटेच्या कडेला पडलेल्या धोंड्यांकडे कोणी बघत नाही. पाठ टेकायला किंवा डबा उघडायला ते बरे, इतकंच. बोल्डरिंग करणाऱ्याचं उलटं असतं. डोंगर मागे राहतो आणि तो एखाद्या धोंड्याभोवती चार फेऱ्या मारतो, हात फिरवून बघतो, मग खाली बसून वर बघत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, ह्याचं काहीतरी हरवलंय.

बोल्डरिंग म्हणजे दोरी नाही, हार्नेस नाही, अशा अवस्थेत एका सुट्या धोंड्यावर किंवा बुटक्या कातळावर चढणं. उंची साधारण तीन ते चार मीटर. जुन्या मापाने दोन पुरुष. खाली जाड फोमची गादी, शेजारी एकदोन सोबती, पायात घट्ट रबरी बूट, कमरेला पांढऱ्या पावडरीची थैली. एवढंच सामान. दोरी घेऊन उंच सुळक्यावर चढणाऱ्याची निम्मी ताकद दोरी ओढण्यात, खिळे-पाचरी लावण्यात आणि खालच्या दरीकडे न बघण्यात जाते. हे सगळं काढून टाकलं की उरते ती फक्त शरीराची हालचाल. उंची कमी म्हणून ती हालचाल वाट्टेल तेवढी अवघड असू शकते. पाच-सात हालचालींचा चढ. जमला तर अर्ध्या मिनिटात संपतो, नाही जमला तर अख्खा हिवाळा खातो.

पन्हाळ्याला कडा चढण्याची गोष्ट नवी नाही. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठ निवडक माणसांनिशी रात्री कडा चढून हा गड घेतला. त्यांना गड हवा होता आणि कडा ही मधली अडचण होती. बोल्डरिंगमध्ये अडचणच हवी असते, वर गेल्यावर काहीच मिळत नाही. पुष्कळदा त्याच धोंड्याच्या मागच्या बाजूने एखादी शेळी आधीच वर जाऊन उभी असते.

हे सगळं चालतं कसं, हे समजून घ्यायचं तर हातापासून नव्हे, दगडापासून सुरुवात करायला हवी. नवशिक्या आधी हात कुठे घालायचा ते बघतो. मुरलेला माणूस आधी बघतो की हा धोंडा इथे आला कसा.

कोल्हापूरचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झाले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि टणक असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, म्हणून तो सच्छिद्र आणि ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे लाल मातीचा पट्टाही सापडतो. पाऊस ठिसूळ भाग आधी खातो, टणक भाग कडा होऊन उभा राहतो. त्यामुळे आपल्याकडचा डोंगर सलग उताराने वर जात नाही. एक कडा, त्याच्यावर सपाटी, मग पुन्हा कडा. डोंगराच्या अंगावरच्या या सपाटीला सह्याद्रीत पदर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पन्हाळा, मसाई या डोंगरांच्या अगदी माथ्यावर आणखी एक थर आहे: जांभा. बेसाल्ट लाखो वर्षं आळीपाळीने भिजत आणि वाळत राहिला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडला बॉक्साइटच्या खाणी आहेत, त्या अशाच माथ्यावरच्या थरात. चिरेखाणीतला जांभा ताजा असताना सहज कापता येतो आणि उघड्या हवेत राहून टणक होतो, हे कोकणात घर बांधलेल्या कुणालाही माहीत असतं. चढणाऱ्याने मात्र याचा दुसरा अर्थ घ्यायचा. बाहेरची साल टणक, आत मातीने भरलेल्या नळ्या आणि पोकळ्या. वरून भक्कम दिसणारी कड अंगाचं वजन पडताच मुळासकट हातात येते. जांभ्याचा पृष्ठभाग इतका खरखरीत असतो की पकड उत्तम मिळते, आणि तिथेच माणूस फसतो. शिवाय दहा मिनिटांत बोटांची कातडी सोलून निघते. माझं मत विचाराल तर जांभ्यावर चढूच नये. तो बघायचा दगड आहे.

मग चढायचं कशावर? आपल्या भागात सुटे धोंडे साधारण तीन तऱ्हांनी तयार होतात. पहिली तऱ्हा पठाराच्या कडेची. जांभ्याच्या थराखाली मऊ, चिकणमातीसारखा थर असतो. तो झिजला की वरची कड अधांतरी राहते आणि घराएवढे तुकडे सुटून उतारावर येऊन बसतात. हे जांभ्याचे, म्हणून सोडून द्यायचे. दुसरी तऱ्हा बेसाल्टच्या कड्यांची. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, त्या भेगांतून पाणी शिरलं आणि ठोकळे निखळले. हे धोंडे कोनदार असतात, त्यांना धारदार कडा आणि सपाट बाजू असतात. चढायला सगळ्यांत चांगले हेच. काही ठोकळे जागेवरच राहतात आणि पाणी त्यांना सगळीकडून कुरतडतं. कोपऱ्याला तीन बाजूंनी पाणी लागतं, म्हणून कोपरे आधी जातात, पापुद्रे सुटत राहतात आणि आतला टणक गोटा शिल्लक राहतो. गोल धोंड्यावर पापुद्रा अजून सुटायचा बाकी आहे का, हे तपासल्याशिवाय हात टाकायचा नाही. तिसरी तऱ्हा ओढ्या-नदीतल्या धोंड्यांची. पुरात घासून गुळगुळीत झालेले, दिसायला देखणे, पण धरायला काही नाही. त्यांच्यावर उन्हाळ्यात मुलं खेळतात, तेवढं पुरे.

तपासायची रीत साधी आहे. मुठीने ठोकून बघायचं. टणक दगड हाताला ठणका देतो आणि आवाज बारीक येतो. सुटलेला पापुद्रा बद्द वाजतो. पाथरवट हातोड्याने हेच करतो आणि त्याचा कान आपल्यापेक्षा कितीतरी तयार असतो. एखादा जुना कारागीर भेटला तर गिर्यारोहणाच्या पुस्तकाआधी त्याच्याशी बोलावं.

आता पदर. उतारावर थांबलेल्या धोंड्याची डोंगराकडची बाजू बुटकी असते आणि दरीकडची उंच. चढायला मजा उंच बाजूला, पण त्याच बाजूने पडलं तर माणूस जमिनीवर थांबत नाही, उतारावरून गडगडत जातो. पदरातल्या धोंड्याचं तसं नसतं. वरच्या कड्यातून निखळलेला ठोकळा गडगडत आला आणि सपाटीवर स्थिरावला, तर त्याच्या चारी बाजूंना पडायला जागा असते. म्हणजे ज्या थरांनी दगड दिला त्यांनीच खालची जमीनही दिली. मात्र वरच्या कड्यातून अजूनही दगड येत असतील, तर तो पदर सोडायचा. ताजा फुटलेला दगड रंगाने ओळखू येतो: जुन्या धोंड्यावर शेवाळ आणि दगडफुलाचे डाग असतात, नव्या फुटीवर नसतात.

धोंडा ठरला, जमीन ठरली, तरी अजून चढायचं नाही. आधी मागच्या बाजूने उतरायची वाट शोधायची. ही गोष्ट इतकी सोपी आहे की कोणी सांगत नाही, आणि मग वर पोचलेला गडी सायंकाळी माथ्यावर बसून राहतो. उतरताना पाय ठेवायची जागा दिसत नाही. मागची वाट सोपी नसेल तर तो धोंडा नवशिक्यांचा नव्हे.

त्यानंतर पडण्याचा विचार. बोल्डरिंगमध्ये पडणं हा अपघात नाही, रोजचा व्यवहार आहे. दहापैकी नऊ प्रयत्न पडूनच संपतात. म्हणून पडण्याचं गणित एकदा मांडून बघायला हवं. पाय जमिनीपासून तीन मीटरवर असताना हात सुटला, तर खाली पोचेपर्यंत वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर होतो. एवढा वेग किती अंतरात शून्यावर आणला जातो, त्यावर सगळं अवलंबून. गुडघे ताठ ठेवून कडक जमिनीवर उतरलो आणि पाच सेंटिमीटरात थांबलो, तर हाडांवर सरासरी जोर वजनाच्या साठपट येतो. तेच दहा सेंटिमीटर गादी दबली आणि गुडघे-कंबर मुडपत आणखी पन्नास सेंटिमीटर खाली गेलो, तर जोर सहापटींवर येतो. दगड तोच, उंची तीच. फरक पडला तो अर्ध्याहून थोड्या जास्त मीटरचा, आणि त्यातला मोठा वाटा गादीचा नसून गुडघ्यांचा.

क्रॅश पॅड नावाची ही गादी साधी वाटते, पण ती दोन थरांची असते. वरचा फोम कडक, खालचा मऊ. टाच एका जागी आदळली तर कडक थर तो मार आजूबाजूला पसरवतो आणि मऊ थर दबत जाऊन वेग खातो. थर उलटे लावले तर टाच मऊ फोममधून थेट खाली जाते. घरातली कापसाची गादी याच कारणाने चालत नाही. कापूस एकदा दबला की दबला, परत फुगत नाही, आणि गाठींवर पाय मुरगळतो. दोन पॅड शेजारी ठेवले तर त्यांच्या मधली फट झाकायची. घोटे मुरगळायची सगळ्यांत लाडकी जागा तीच. पॅडखाली दगड किंवा झाडाचं खोड राहिलेलं नाही ना, हे हाताने चाचपून बघायचं.

पडताना दोन्ही पाय एकत्र टेकवायचे, गुडघे सैल, मग बसत बसत पाठीवर लोळायचं आणि हात छातीशी घ्यायचे. मागे हात टेकून स्वतःला सावरायची सवय प्रत्येकाला असते आणि ती मोडायला वेळ लागतो. मनगट आणि कोपर त्यातच जातात. ही लोळण आधी जमिनीवर, मग कमरेएवढ्या उंचीवरून, मग डोक्याएवढ्या उंचीवरून घोटवून घ्यावी. पहिल्या दिवशी चढणं थोडं आणि पडणं जास्त, असाच बेत असावा.

खाली उभ्या असलेल्या सोबत्याला स्पॉटर म्हणतात. त्याचं काम झेलायचं नाही. साठ किलोचा माणूस तीन मीटरवरून आला तर त्याला झेलणारा स्वतःच दवाखान्यात जाईल. स्पॉटरने दोन्ही हात वर करून, अंगठे बोटांना चिकटवून उभं राहायचं, पडणाऱ्याच्या कमरेला किंवा बरगड्यांना दिशा द्यायची आणि त्याला पॅडच्या मध्यावर ढकलायचं. डोकं आणि मान दगडावर आपटू नये, एवढं साधलं की झालं. स्पॉटरची नजर चढणाऱ्याच्या कमरेवर हवी, हातांवर नको, मोबाइलवर तर नकोच. हे वाक्य लिहावं लागतं, हीच खरी तक्रार आहे.

आता कुठे बूट घालायचे. चढाईचे बूट पायाच्या मापापेक्षा घट्ट असतात, बोटं किंचित मुडपलेली राहतात आणि तळाचं रबर मऊ असतं. दगड डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक चढउतार असतात. बुटाचं रबर दाबाखाली त्यांत शिरतं आणि अडकतं. घर्षण म्हणतो ते मुख्यतः हेच. त्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, जोर दगडाच्या पृष्ठभागाला काटकोनात हवा. उताराच्या कातळावर घाबरलेला माणूस दगडाला पोटाने चिकटतो. त्याचं वजन पायांवरून सुटतं, जोर उताराच्या दिशेने जातो आणि पाय घसरतो. अंग दगडापासून थोडं बाहेर काढलं आणि टाच खाली सोडली, तर तोच पाय खिळून राहतो. हे पटायला कठीण आहे, कारण भीती बरोबर उलटं सांगत असते. दुसरी गोष्ट, रबर फार तापलं की लिबलिबीत होतं आणि दगडावरून सरकतं. गार दगडावर ते उत्तम धरतं.

इथे दगडाचा पोतही मधे येतो. बेसाल्टचा लाव्हा जमिनीवर लवकर थंड झाला, म्हणून त्याचे स्फटिक डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. हंपीचा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोल, सावकाश थंड झाला. त्याचे दाणे मोठे, पृष्ठभाग खरखरीत. म्हणून हंपीच्या गोल धोंड्यावर नुसता तळवा ठेवून चढता येतं आणि आपल्या काळ्या कातळावर मात्र कड, भेग किंवा बुडबुड्याचं भोक शोधावं लागतं. आपला दगड घर्षणाचा नाही, कडांचा आहे. त्यामुळे इथे शिकलेल्याची बोटं लवकर तयार होतात आणि तळव्यावरचा विश्वास उशिरा येतो.

हवामानाचा हिशेबही यातून आपोआप निघतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर दगडावर बुळबुळीत शेवाळ असतं आणि भेगांतून पाणी झिरपत राहतं. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीला आटोपतो. काळा दगड ऊन पितो, त्यामुळे जानेवारीतही दुपारी बाराला तो हाताला चटका देईल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून धोंड्याची उत्तरेकडची बाजू दिवसभर सावलीत राहते. सकाळी लवकर जावं किंवा उत्तरेची बाजू धरावी.

कमरेच्या थैलीतली पावडर म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. ती घाम शोषते, चिकटवत वगैरे नाही. जास्त फासली तर दगड आणि कातडी यांच्यामध्ये भुकटीचा थर बसतो आणि हात उलट सुटतो. अंगाला लावायची टाल्कम पावडर तर हात सटकायलाच मदत करते, आणि फळ्यावरचा खडू ही निराळीच वस्तू. ही पावडर चढाईत आणली ती जॉन गिल या अमेरिकन माणसाने, १९५० च्या दशकात. तो जिम्नॅस्ट होता आणि पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच्या आधी पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात लोक वालुकाश्माच्या धोंड्यांवर चढत होतेच. सुरुवातीला आल्प्सच्या मोठ्या शिखरांची तालीम म्हणून, मग हळूहळू त्या धोंड्यांसाठीच. पिएर अलँने तिथेच १९३० च्या दशकात रबरी तळाचे हलके बूट घडवले.

चढण्याची रीत एका धोंड्यावर बघू. तीन मीटर उंचीचा बेसाल्टचा ठोकळा धरून चाला. समोरची बाजू किंचित अंगावर आलेली. गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी भेग, छातीपाशी दोन बोटांची कड, त्याच्या वर उजवीकडे बुडबुड्याचं खोल भोक, आणि सगळ्यात वर गोलसर माथा. सुरुवात बसून करायची, म्हणजे खालच्या दोन हालचाली फुकट जात नाहीत. दोन्ही हात भेगेत. आता नवशिका हात वाकवून अंग वर ओढतो. वाकलेल्या हाताचे स्नायू सतत जळत राहतात. सरळ हाताने लटकलं की वजन हाडांवर आणि सांध्यांवर येतं आणि स्नायू वाचतात. वर जायचं ते पायांनी. हातांनी फक्त दगडापाशी राहायचं.

डावा हात छातीपाशच्या कडेवर, डावा पाय भेगेखाली, फक्त अंगठ्याच्या बाजूने. उजव्या हाताने भोक गाठायचंय, पण ते थोडं दूर आहे. हात लांब करून ते मिळत नाही. कंबर फिरवून मिळतं. उजवा कुल्हा दगडाला लावला की उजवा खांदा आपोआप वर सरकतो आणि चार बोटांचं अंतर कमी होतं. त्याच वेळी अंग दारासारखं उघडून गरकन फिरू लागतं. ते थांबवायला रिकामा पाय दुसऱ्या बाजूला, नुसता दगडाला टेकवून ठेवायचा. काहीच न धरणारा हा पाय बघणाऱ्याला निरुपयोगी वाटतो, पण तो काढला तर माणूस पडतो. भोकात बोटं गेली की पाय उचलून भेगेवर घ्यायचे. पाय ठेवताना शेवटपर्यंत त्याच्याकडे बघायचं. बहुतेक जण पाय टेकायच्या क्षणभर आधी नजर वर नेतात आणि बूट कडेच्या बाजूला पडतो.

शेवटची हालचाल माथ्यावर येण्याची, आणि खरी पंचाईत तिथे. वर धरायला काही नसतं. विहिरीत पोहून झाल्यावर काठावर हात टेकून, अंग वर उचलून पोर कसं बाहेर येतं, तेच इथे करायचं: आधी ओढायचं, मग मनगट उलटं करून तळव्याने खाली दाबायचं, छाती पुढे झुकवायची आणि एक पाय माथ्यावर आणायचा. फरक इतकाच की विहिरीत चुकलं तर खाली पाणी असतं. म्हणून ही हालचाल आधी गुडघ्याएवढ्या दगडावर शिकावी. खालचा सगळा चढ जमला आणि माथ्यावर अडकलं, तर ती पडायची सर्वांत वाईट जागा असते. उंची पुरी आणि अंग आडवं.

बोटांविषयी थोडं सावधपणे. बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच. बोटं वाकवणारे स्नायू कोपराखाली आहेत आणि त्यांच्या कंडरा मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. कंडरा हाडापासून सुटू नये म्हणून तिच्यावर ठिकठिकाणी पट्टे असतात. बारीक कडेवर बोटं पूर्ण दुमडून अंगठा वर दाबला की या पट्ट्यांवर फार ताण येतो, आणि कधीकधी तळहाताजवळचा पट्टा टिचकन तुटतो. बहुधा अनामिकेचा. अर्धवट उघड्या बोटांनी धरायची सवय त्यापेक्षा बरी. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरा आणि पट्टे मात्र महिनेच्या महिने घेतात. पहिल्या हंगामात माणूस आपल्या बोटांपेक्षा लवकर बलवान होतो, आणि दुखापत बरोबर त्या मधल्या काळात होते. वाढत्या वयाच्या मुलांना तर बोटांवर लटकण्याचा वेगळा व्यायाम देऊच नये. त्यांच्या हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात.

अवघडपणा मोजायच्या दोन पट्ट्या जगभर चालतात, एक फाँतेनब्लोची आणि दुसरी अमेरिकेतल्या ह्युको टँक्सची. दुसरी जॉन शर्मनच्या १९९१ च्या मार्गदर्शिकेतून रूढ झाली. ती व्ही-शून्यापासून सुरू होते आणि व्ही-सतरापर्यंत पोचली आहे. फिनलंडमध्ये नाले हुक्कातायवालने २०१६ मध्ये केलेला चढ पहिला व्ही-सतरा मानला जातो. आकडा दगडावर कोरलेला नसतो. पहिला चढणारा सुचवतो, नंतरचे चढून बघतात आणि वाद घालतात. आपल्याला पहिली दोन वर्षं या आकड्यांची काही गरज नाही.

महाराष्ट्रात हा खेळ रुजला तो मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहण संस्थांमुळे. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ सालची. तिच्याच पुढाकाराने २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषकाची फेरी झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये क्लायंबिंग पहिल्यांदा आलं आणि बोल्डरिंग त्याचा भाग होतं. पुण्या-मुंबईत कृत्रिम भिंती आहेत. खऱ्या दगडावर जाण्याआधी आठ-दहा दिवस तिथे पडायला शिकून आलं तर उत्तम. कोल्हापूरकराला खऱ्या दगडासाठी दक्षिणेकडचा रस्ता जवळचा. बेळगाव ओलांडून पुढे बदामीचा लाल वालुकाश्म, आणि त्याच्याही पुढे हंपी. बदामीला कड आणि घर्षण दोन्ही मिळतं, म्हणून शिकायला ती जागा मला हंपीपेक्षा बरी वाटते. वालुकाश्म मात्र ओला असताना कमजोर होतो. पाऊस पडून गेल्यावर एकदोन दिवस त्याला हात लावायचा नाही. बेसाल्टचं तसं नाही, तो फक्त निसरडा होतो.

घराजवळ कुठे चढावं, हा प्रश्न राहतो, आणि मी मुद्दामच धोंड्यांची नावं-पत्ते देत नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. राधानगरी हे गव्यांचं अभयारण्य आहे. तिथे पॅड घेऊन जाण्याचा विचारही करू नये. पन्हाळ्याची तटबंदी, बुरूज आणि गडाचा कडा संरक्षित स्मारकात येतात. २०२५ पासून तो गड जागतिक वारसायादीतही आहे. मसाई पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि पांडवदऱ्याच्या लेण्यांच्या आसपास तर हात लावायलाही नको. पठारावरचा उघडा कातळ ओसाड दिसतो, पण पावसाळ्यानंतर तिथे सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू या वनस्पती बोटभर मातीत उगवतात. एक पॅड फरफटत नेला की ती माती गेली. म्हणून पॅड पाठीवरच न्यावा. उरतात त्या मालकीच्या आणि गायरानाच्या जागा. तिथे मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारावं. जागा वनखात्याची आहे का, हे वनरक्षकाकडून कळतं. विचारणारा माणूस दिसला की बहुतेक ठिकाणी आधी चहा मिळतो आणि नंतर परवानगी.

शेंदूर लावलेल्या, नारळ फोडलेल्या धोंड्यावर चढायचं नाही, त्याची उंची कितीही मोहक असो. देवराईतलाही सोडायचा. कड्याला आग्या मोहोळ लटकत असेल तर त्याच्या टप्प्यातला पदर त्या हंगामापुरता विसरायचा. तिथे मोठ्याने बोलायचं नाही, अत्तर लावून जायचं नाही, आणि चुकूनही धूर करायचा नाही. भेगेत हात घालण्याआधी डोळे घालायचे. फुरसं दगडाखाली, पालापाचोळ्यात बसून असतं आणि माणूस दिसला म्हणून निघून जात नाही. पॅड टाकायची जागा आधी काठीने झाडून घ्यावी. सोबत एक गाडी आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता माहीत असलेला एक माणूस असावा.

निघताना दगडावरचे पांढरे डाग पुसायचे. त्यासाठी मऊ केसांचा ब्रश घ्यावा, दात घासायचा जुना चालतो. तारेचा ब्रश नको. तो दगडाचा बारीक खरखरीतपणा घासून टाकतो, आणि मग पुढच्या हिवाळ्यात तीच कड गुळगुळीत लागते. डाग राहिलाच तर पाण्याने धुवावा. दगडफूल मात्र खरवडू नये. ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं.